विश्लेषण : ‘काय फवारू सर?’ – ऑनलाइन गटात तांत्रिक प्रश्न नेमका कसा विचारावा?

पिवळ्या पडलेल्या एका पानाचा फोटो आणि खाली तीन शब्द : ‘काय फवारू सर?’ सप्टेंबर उजाडला की भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादकांच्या व्हॉट्सॲप गटांत हा संदेश ओळखीचा होतो. थोड्या वेळात उत्तरेही येतात. एक जण बुरशीनाशक सांगतो, दुसरा कीटकनाशक, तिसरा टॉनिक, चौथा ‘कृषी केंद्रात जाऊन विचारा’ म्हणून मोकळा होतो. चौघेही चांगल्या मनाने सांगत असतात. पण त्यातले बरोबर कोण, हे तेवढ्या फोटोवरून कृषी विद्यापीठातील तज्ज्ञालाही सांगता येणार नाही.

संगणक शिकणाऱ्या मुलांच्या गटांतही हेच चालते. ‘पायथॉन चालत नाही, कोणी हेल्प करा’ असा संदेश पडतो आणि त्यावर अंदाजांचा पाऊस सुरू होतो. प्रश्न विचारणारा मनापासून अडलेला असतो, पण समोरच्याला दिसत काहीच नसते.

ऑनलाइन तांत्रिक गटांतील शिष्टाचार म्हटले की ‘कृपया’, ‘सर’ आणि हात जोडलेले चिन्ह एवढेच अनेकांना आठवते. नम्रता हवीच. पण या गटांत खरा शिष्टाचार वेगळा आहे. दूर बसलेल्या, आपली बांधी किंवा आपला संगणक कधीही न पाहिलेल्या माणसाला आपण पाहतो ते दाखवणे, हा तो शिष्टाचार. तो नसेल तर कितीही हात जोडले तरी उत्तर अंदाजाचेच मिळते, आणि चुकीच्या फवारणीचे पैसे उत्तर देणाऱ्याच्या खिशातून जात नाहीत.

भंडाऱ्यात हा प्रश्न महत्त्वाचा का?

पवनी, लाखांदूर, मोहाडी किंवा तुमसर तालुक्यातील एखाद्या गावातून साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रापर्यंत जायचे तर दिवस मोडतो. संगणकाचा कोर्स करणाऱ्या मुलाला अडलेले विचारायला गावात कोणी असेलच असे नाही. त्यामुळे पहिला सल्ला हल्ली मोबाइलवरच घेतला जातो. शहरातल्या मुलाला गटात उत्तर मिळाले नाही तर तो शेजारच्या टेबलावरच्या मित्राला विचारतो. इथे गटातले उत्तर चुकले तर त्याला ताडून पाहायला दुसरे कोणी जवळ नसते. म्हणूनच प्रश्न नीट मांडण्याची गरज गावातल्या माणसाला जास्त आहे.

फोटोत काय दिसत नाही?

धानाचेच उदाहरण पुढे नेऊ, कारण त्यात सगळे कळते.

तपकिरी तुडतुडे धानाच्या बुडाशी, पाण्याच्या लगत बसून रस शोषतात. वरून बांधी हिरवीगार दिसत असते, आणि एक दिवस मधेच गोल चट्टा करपल्यासारखा वाळतो. शेतकरी घाईने वरच्या वाळक्या पानाचा फोटो काढतो. कीड खाली, फोटो वरचा! पाहणाऱ्याला वाटते करपा आहे आणि तो बुरशीनाशक सांगतो. तोवर चट्टा वाढतच जातो. धान बाजूला सारून बुडाचा एक फोटो टाकला असता तर तुडतुडे ओळखायला कुणालाही वेळ लागला नसता.

कडा करप्याचे दुखणे निराळे. पान शेंड्याकडून आणि कडेने पिवळे होत वाळत येते. हा रोग जिवाणूचा आहे, त्यामुळे बुरशीसाठीचे औषध मारून काही साधत नाही. यासाठी घरीच करता येण्याजोगी एक तपासणी आहे. रोगट पानाचा ताजा कापलेला तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात धरावा. कापलेल्या जागेतून दुधाळ धार उतरताना दिसली तर जिवाणूचा संशय पक्का होतो. ‘पान कडेने पिवळे पडले आहे, पेल्यात धरले तर दुधाळ पाणी उतरते’ असे लिहिणाऱ्याचा अर्धा प्रश्न त्याच वाक्यात सुटलेला असतो.

खोडकिडीत मधला पोंगा वाळतो आणि ओढला की अलगद हातात येतो. गादमाशीत पोंग्याची चंदेरी नळी होते. पाच फूट उंचीवरून काढलेल्या फोटोत हा फरक दिसत नाही. ओढून पाहिले का, हे सांगावेच लागते.

फोटोत कधीच न येणाऱ्या गोष्टीही आहेत : रोवणीला किती दिवस झाले, वाण कोणता, बांधीत पाणी किती दिवसांपासून साचले आहे, युरिया शेवटचा कधी आणि किती टाकला, याआधी काय फवारले. शेवटचा मुद्दा सांगताना माणूस कचरतो, कारण आधी केलेले चुकीचे निघाले तर चारचौघांत हसे होईल अशी भीती असते. पण नेमके तेच कळणे गरजेचे असते. जास्त नत्र आणि दाट रोवणी तुडतुड्यांना मानवते. काही कीटकनाशके, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली, मारल्यावर तुडतुडे खाणारे मित्रकीटकच मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात. आधीची बाटली लपवली तर सल्ला देणारा कदाचित त्याच गटातली दुसरी बाटली सांगून बसेल.

आता हाच प्रश्न असा विचारला तर पाहा : ‘लाखांदूर तालुका. धान, रोवणीला ५५ दिवस. तीन दिवसांपासून बांधीच्या मधोमध दोन गोल चट्टे वाळले आहेत, कडेचे धान हिरवे आहे. पाणी आठ दिवसांपासून साचलेले. दहा दिवसांपूर्वी युरिया दिला. पंधरा दिवसांपूर्वी एक फवारणी केली, बाटलीच्या लेबलचा फोटो जोडला आहे. दुसरा फोटो बुडाचा, तिसरा पूर्ण बांधीचा. पाणी काढून टाकू का, आणि फवारणी लागेल का?’ यात ‘प्लीज’ कुठेच नाही. तरीही उत्तर देणाऱ्याचा एवढा मान राखणारा प्रश्न दुसरा नाही, कारण त्याला उलटे दहा प्रश्न विचारावे लागत नाहीत.

किसान कॉल सेंटरची रचना पाहिली तरी हेच दिसते. २१ जानेवारी २००४ पासून सुरू असलेल्या या सेवेत (टोल फ्री क्रमांक १८००-१८०-१५५१) आलेल्या प्रश्नाची नोंद होते तेव्हा जिल्हा, तालुका, पीक, हंगाम आणि प्रश्नाचा प्रकार असे रकाने भरले जातात. तिथे हे विचारून घेणारे कोणी तरी असते. गटात कोणी नसते, ते रकाने आपले आपणच भरायचे.

संगणकाच्या प्रश्नांत वेगळे काय?

फारसे काही नाही. तिथे रोगट पानाच्या जागी चुकीचा संदेश असतो, ज्याला सगळे ‘एरर’ म्हणतात. नवखा मुलगा ‘एरर येतोय’ एवढेच लिहितो, किंवा मोबाइलने संगणकाच्या पडद्याचा तिरका फोटो काढून टाकतो. त्या फोटोत अक्षरांवर रेघोट्या उमटलेल्या असतात आणि महत्त्वाची शेवटची ओळ नेमकी कापली गेलेली असते. एररचा मजकूर जसाच्या तसा उचलून पेस्ट करावा. उत्तर देणाऱ्याला तो शोधता येतो, स्वतःच्या संगणकावर चालवून पाहता येतो. फोटोतली अक्षरे त्याला पुन्हा टाइप करावी लागतात, आणि तेवढे कष्ट फुकटात कोणी घेत नाही.

मराठी मुलांना हमखास भेटणारी एक अडचण घ्या. मराठी मजकुराची फाइल वाचणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि तो ‘युनिकोड डिकोड एरर’ देऊन थांबला. ‘फाइल उघडत नाही’ असे विचारले तर फाइलचे नाव, तिची जागा, परवानगी असे सगळे तपासायला सांगितले जाईल. मित्र म्हणेल, ‘माझ्याकडे तर चालते.’ कारण त्याच्याकडे लिनक्स आहे आणि विचारणाऱ्याकडे विंडोज. विंडोजवर पायथॉन फाइल उघडताना अनेकदा यूटीएफ-८ ऐवजी संगणकाची जुनी ठरलेली लिपी-पद्धत धरतो. फाइल उघडण्याच्या ओळीत यूटीएफ-८ असे सांगितले की काम होते. पण हे उत्तर मिळायला ‘विंडोज’, ‘मराठी फाइल’ आणि एररचे नाव हे तीन तपशील प्रश्नात असावे लागतात.

आणि तीनशे ओळींचा पूर्ण प्रोग्राम कुणावर लादू नये. अडचण दिसेल एवढ्या पाच-दहा ओळी ठेवून बाकी छाटावे. छाटता छाटता निम्म्या वेळा चूक आपल्यालाच सापडते, हा या कामाचा वरकड फायदा.

प्रश्नच चुकीचा असेल तर?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या ताईंनी एक्सेलमध्ये सभासदांचे बँक खाते क्रमांक भरले. सुरुवातीचे शून्य आपोआप उडाले. त्या गटात विचारतात, ‘आकड्याच्या पुढे शून्य जोडण्याचे सूत्र सांगा.’ कोणी तरी सूत्र देतो, सूत्र बरोबर असते, शून्य परत दिसतात. सगळे खूश.

पण एक्सेल आकड्यातले पहिले पंधरा अंकच धरून ठेवते. शून्याने सुरू न होणारा एखादा खाते क्रमांक सोळा अंकी असेल तर त्याचा शेवटचा अंक आधीच शून्य झालेला असतो, आणि तो कोणत्याही सूत्राने परत येत नाही. सूत्राने शून्य जोडून सजवलेली ती यादी बँकेत गेली की पैसे अडकणार. मूळ प्रश्न शून्याचा नव्हताच. तो रकाना आकडा म्हणून न ठेवता मजकूर म्हणून आधीच ठरवायचा होता, आणि आता क्रमांक पासबुकावरून पुन्हा भरायचे होते.

ताईंनी स्वतःच्या मनाने एक उपाय ठरवला आणि त्या उपायाविषयी विचारले. मूळ काम काय, हे सांगितलेच नाही. ‘मला सभासदांच्या खाते क्रमांकांची यादी बँकेला द्यायची आहे, एक्सेलमध्ये शून्य उडत आहेत’ असे लिहिले असते तर जाणत्याने लगेच थांबवले असते. पीक पिवळे पडले म्हणून ‘कोणते टॉनिक चांगले?’ असे विचारणारा शेतकरीही हीच चूक करतो. दुखणे सांगावे, औषध सुचवू नये. दवाखान्यात आपण हे पाळतो (निदान पाळायला हवे), गटात मात्र विसरतो.

‘सर, एक विचारू का?’

हा संदेश टाकून माणूस वाट पाहत बसतो. उत्तर देणारा ‘हो, विचारा’ म्हणेपर्यंत दुपार टळते. मग प्रश्न येतो, तोवर सर शेतात गेलेले असतात. समोरासमोर ही पद्धत शोभते, आपल्याकडे मोठ्यांना थेट विचारणे बरे दिसत नाही. पण गटात पहिल्याच संदेशात पूर्ण प्रश्न टाकणे हाच मान आहे. ‘कोणाला जावा येते का?’ या प्रश्नाचेही तसेच. ‘हो’ म्हणणे म्हणजे पुढे येईल ती सगळी जबाबदारी घेणे, म्हणून येत असूनही लोक गप्प बसतात.

गटात न विचारता जाणत्याच्या वैयक्तिक क्रमांकावर संदेश टाकणे, रात्री अकराला फोन करणे, एकच प्रश्न पाच गटांत टाकून पाच जणांना कामाला लावणे, हे टाळलेले बरे. ‘अर्जंट’ हा शब्द तर इतका वापरला गेला आहे की त्याकडे आता कोणी पाहत नाही. तीन मिनिटांचा आवाजी संदेशही तसाच पडून राहतो. लिहायला खरेच अवघड जात असेल तर बोला, पण आधी एका ओळीत विषय लिहा.

भाषेचा एक बारकावा. आपल्याकडे धान, बांधी, पऱ्हे, रोवणी म्हणतात. कोकण किंवा पुण्याकडचा जाणकार भात, खाचर, रोपे, लावणी म्हणतो. राज्यभराच्या गटात विचारताना आपला झाडीचा शब्द सोडायची गरज नाही, पण किडीचे स्थानिक नाव लिहिले तर सोबत जवळून काढलेला फोटो हवाच.

हे नियम आले कुठून?

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळापासून. ‘पुटी’ या प्रोग्रामचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये प्रोग्राममधील दोष कसा कळवावा यावर निबंध लिहिला. काय दिसले ते सांगा, तुमचा अंदाज नंतर, असा त्याचा गाभा आहे. २००१ मध्ये एरिक रेमंड यांनी शहाण्यासारखे प्रश्न कसे विचारावेत यावर लिहिलेला मजकूर आजही नवख्यांच्या तोंडावर फेकला जातो. त्यातला सल्ला उपयोगी आहे, सूर मात्र काही ठिकाणी नको इतका कडक आहे.

चांगल्या प्रश्नाचे फळ पाहायचे तर ३ जुलै १९९१ चा एक संदेश आहे. हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्स प्रणालीच्या चर्चागटात दोन-तीन ओळींत विचारले, की एका कामासाठी मला पॉसिक्स हे मानक हवे आहे, संगणकावर वाचता येईल अशा रूपात ते कुठे मिळेल? काम कशावर चालले आहे, काय हवे, कोणत्या रूपात हवे, एवढे सगळे त्यात होते. तो विद्यार्थी म्हणजे लिनस टोरवाल्ड्स. त्या प्रश्नामुळे ओळख झालेल्या एकाने पुढे त्याच्या कामासाठी सर्व्हरवर जागाही करून दिली. आज प्रत्येक अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात असलेले लिनक्स ते हेच.

जाणत्यांचे काही चुकत नाही का?

चुकते, आणि बरेच चुकते. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांसाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने एप्रिल २०१८ मध्ये उघडपणे मान्य केले, की आपल्याकडे नव्या माणसाचे, विशेषतः नवख्या प्रोग्रामरांचे आणि महिलांचे, नीट स्वागत होत नाही. इंग्रजी विकिपीडियावर तर नवागतांना चावू नका, असा सल्ला लिहूनच ठेवला आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने सामूहिक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ हे नाव दिले. चावडीवर आलेल्याला निदान बस म्हणतात.

आपल्या गटांत ‘गुगल कर ना’, ‘एवढेही येत नाही?’ ही उत्तरे सर्रास दिसतात. वर्गात ‘काही शंका?’ विचारल्यावर खाली मान घालून बसणारी आपली मुले गटात पहिल्यांदा धीर करून विचारतात. त्यांना एकदा हिणवले की ती पुन्हा विचारत नाहीत, आणि त्यांच्या बरोबर वाचणारे शंभर जणही गप्प होतात. अर्धवट प्रश्नाला टोमण्याऐवजी एक उलट प्रश्न पुरतो : ‘बुडाचा फोटो टाका’, ‘विंडोज आहे का?’ गटाच्या ॲडमिनने काय काय लिहावे याचा नमुना वर पिन करून ठेवला तर निम्मी कटकट मिटेल. अर्थात गुड मॉर्निंगच्या फुलांमधून तो नमुना शोधायला मिळाला पाहिजे!

चॅटबॉटला विचारले तर?

बरेच जण आता तसेच करतात. स्टॅक ओव्हरफ्लोवर येणारे प्रश्न चॅटजीपीटीनंतर खूप घटले. यंत्र हिणवत नाही, रात्री अकरालाही उत्तर देते. पण अर्धवट प्रश्नाला ते आत्मविश्वासाने अर्धवट उत्तर देते. म्हणूनच डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने त्याची उत्तरे टाकण्यास मनाई केली. ती दिसायला पटण्यासारखी होती, पण अनेकदा चुकीची निघत होती. गटातले चुकीचे उत्तर निदान दुसरा कोणी तरी खोडतो. औषधाचे नाव यंत्राने सांगितलेले असो की माणसाने, बाटलीच्या लेबलवर धान आणि ती कीड लिहिलेली आहे का, हे पाहिल्याशिवाय पंप भरू नये.

गटात काय टाकू नये?

ई-पीक पाहणी ॲप (१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू) अडकले की लोक पडद्याचा फोटो टाकतात. त्यात नाव, मोबाइल क्रमांक, गट क्रमांक असतो. पीएम किसानच्या तक्रारीत कोणी आधार कार्डच टाकतो. प्रोग्राम टाकणारी मुले त्यातला पासवर्ड तसाच ठेवतात. टाकण्याआधी हे सगळे झाका. ‘मी मदत करतो, ओटीपी सांगा’ म्हणणारा मदत करणारा नसतो. फसवणूक झालीच तर गटात हळहळ करत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा.

काही प्रश्न गटात विचारण्यात वेळच दवडतो. खरीप २०२५ च्या आधी राज्यात गारपिटीने किंवा शेतात पाणी शिरून विमा उतरवलेल्या पिकाचे नुकसान झाले, तर त्याची सूचना ७२ तासांत द्यावी लागत असे. ‘विमा मिळेल का?’ यावर गटात दोन दिवस चर्चा रंगली की उरत असे एक. मुदतीच्या कामात आधी सूचना, चर्चा मग.

उत्तर मिळाल्यावर?

अंगठ्याचे चिन्ह टाकून बहुतेक जण निघून जातात. आठ दिवसांनी काय झाले, हे कळतच नाही. पाणी काढले, चट्टा थांबला. किंवा फवारले, पण उपयोग झाला नाही. जे झाले ते दोन ओळींत लिहावे. ते बोलू नये, लिहावेच, आणि त्यात ‘धान’, ‘तुडतुडे’, तालुका आणि महिना हे शब्द असावेत. व्हॉट्सॲपचा शोध आवाजी संदेशात पोहोचत नाही. उन्हाळी धानात किंवा पुढच्या सप्टेंबरात कोणी तरी त्याच गटात ‘तुडतुडे’ टाइप करील, तेव्हा प्रश्न, बुडाचा फोटो, सल्ला आणि त्याचा निकाल असे सगळे त्याला एकाच जागी सापडेल.